माळ्यावरची पेटी

मैत्रिणींनो, पुसेगावला काय नि हिंगोलीला काय, पियानो कुणाच्या घरी असणार? पण माहेरची पेटी माळ्यावर पडलेली असते. ती पियानोचीच धाकटी बहीण बरं का!

जुन्या हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या टोकाने तार छेडली जाई. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज सारखाच. इटलीच्या क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास तारेवर हातोडी आणली आणि बोटांचा हळुवारपणा ऐकू येऊ लागला. तसल्याच पट्ट्या, पण तारांऐवजी वाऱ्यावर वाजणारे पितळी सूर, अशा हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली निघाले. तिचा पायाने चालणारा भाता कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताशी आणला, म्हणून आपण मांडी घालून वाजवतो.

तेव्हा पेटी मोडीत घालू नका. ओल लागली की पट्ट्या अडकतात, भाता उंदीर कुरतडतात. कोरड्या जागी, झाकून ठेवा. लेकीला शिकवाच, पण दुपारी घटकाभर तुम्हीही बसा!