मधल्या वर्षांची वजाबाकी

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजचा माजी विद्यार्थी मेळावा झाला आणि मला नोंदणीच्या टेबलावर बसवलं. तुम्हीही कधीतरी बसला असाल. गळ्यात बॅज, हातात पेन, खिशात उपमा-चहाचं कूपन. फॉर्मवर पाच रकाने होते : नाव, बॅच, मोबाइल, शहर आणि ‘सध्याचा हुद्दा/कंपनी’. पहिले चार सगळे पटापट भरायचे. पाचव्याशी येऊन पेन थांबायचं. आधी मला वाटलं, चष्मा विसरलेत. मग कळलं, तसं नाहीये.

1991च्या बॅचच्या एका काकूंनी तिथे नुसती रेघ मारली. मी म्हटलं, ‘‘काकू, इथे काहीतरी लिहा ना.’’ तर म्हणाल्या, ‘‘लिहिण्यासारखं काही नाही गं.’’ बोलता बोलता समजलं, काकांच्या बदल्यांमुळे चार गावं बदलली आणि प्रत्येक गावात त्यांनी घरीच गणिताच्या शिकवण्या घेतल्या. 19 वर्षं! पण त्याला हुद्दा नाही, म्हणून रेघ.

त्यांच्यानंतर 2020च्या बॅचचा एक दादा आला. म्हणजे कोरोना बॅच. परीक्षा होणार की नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या ऑगस्टमधल्या निकालापर्यंत नक्की नव्हतं. शेवटी ऑक्टोबरमध्ये घरी बसून मोबाइलवर पेपर दिले. तेव्हापासून तो एमपीएससी करतोय. त्याने ‘स्पर्धा परीक्षा’ लिहिलं, खोडलं आणि वर ‘शेती’ लिहिलं. शेती वडील करतात, हे त्यानेच सांगितलं.

मग कार्यक्रम सुरू झाला. स्टेजवर एका ज्येष्ठ काकांची ओळख करून दिली गेली : 1975 साली बी.कॉम., 1979 साली राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू, 2014 साली शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त. टाळ्या. माझं गणित बेताचंच आहे, पण एवढी वजाबाकी मलाही जमते. चहाच्या वेळी मी विचारलं, ‘‘काका, 75 ते 79 मध्ये काय?’’ ते हसले. म्हणाले, ‘‘हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.’’

चार वर्षं ते एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डाचं नूतनीकरण करत होते. मामाच्या धान्याच्या दुकानात खतावणी लिहायचे. लग्नकार्यांना जाणं बंद केलं होतं, कारण जो भेटेल तो एकच विचारायचा, ‘‘सध्या काय?’’

हे ज्याने ऐकायला हवं होतं, तो दादा तोवर निघून गेला होता. उपमासुद्धा न खाता.

मला राग आला तो याचा. एकाच हॉलमध्ये, 45 वर्षांच्या अंतराने, दोन माणसं सेम अनुभव घेऊन बसली होती आणि आपल्या कार्यक्रमाची रचनाच अशी, की त्यांची गाठ पडू नये. माजी विद्यार्थी म्हणजे आपल्याला यशस्वी माजी विद्यार्थीच हवे असतात. त्यात कॉलेजचंही गणित आहे. नॅकच्या ज्या चौकटीत आपली कॉलेजं आजवर मोजली गेली, तिच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग येतो. किती जण नोकरीला लागले, किती जण पुढे शिकायला गेले, हेही त्यातच येतं. म्हणून तर पास झाल्यावर वर्षभराने फोन येतो, ‘‘ऑफर लेटर असेल तर पाठव.’’ नसेल तर पुन्हा फोन येत नाही.

पण सगळं खापर कॉलेजवर कशाला फोडा? आपलं लिंक्डइन उघडून बघा. ‘सांगायला अत्यंत आनंद होतोय की’पासून सुरू होणाऱ्या पोस्ट्सची रांग. माझ्या प्रोफाइलवर बारावी आणि फर्स्ट इयर यांच्यामध्ये एक वर्ष गायब आहे. ते वर्ष मी लातूरला नीट रिपीट करत होते. मार्क पहिल्यापेक्षा कमी आले. हे लिहिताना आत्ताही पोटात गोळा येतोय, पण काकूंना ‘लिहा ना’ म्हणणाऱ्या मुलीने स्वतः रेघ मारून कसं चालेल?

कॉर्नेलिया सोराबजी हे नाव तुम्ही जीकेच्या पुस्तकात वाचलं असेल. नाशिकचा जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजची विद्यार्थिनी, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर. आपण एका ओळीत पाठ करतो ते एवढंच. 1892 साली त्यांनी ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण तेव्हा तिथे बायकांना पदवीच देत नसत. पदवी हातात पडली 1922 साली. मध्ये तब्बल 30 वर्षं. त्या काळात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी पडद्यात राहणाऱ्या बायकांच्या मालमत्तेची प्रकरणं बघत होत्या. पण 1900 साली कुणी त्यांच्यापुढे आमचा फॉर्म ठेवला असता, तर पाचव्या रकान्यात काय लिहिलं असतं त्यांनी?

प्रत्येक वाट बघणाऱ्याची कोर्नेलिया सोराबजी होते किंवा बँकेत नोकरी लागतेच, असं मी म्हणत नाहीये. काकांच्या वेळी बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन दहा वर्षं झाली होती, गावोगाव शाखा निघत होत्या, भरती होत होती. दादाच्या वेळी तसं नाही, आणि ‘आमच्या वेळी आम्ही पण थांबलो’ हे वाक्य त्याला ऐकवायला गेलात तर तो चिडेल. बरोबरच आहे. पण ती चार वर्षं माणसाने कशी काढली, घरच्यांना काय सांगितलं, सकाळी उठून नेमकं काय केलं, हे त्याला पॅकेजच्या भाषणापेक्षा नक्कीच जास्त उपयोगी पडलं असतं.

म्हणून मागणी साधी आहे. फॉर्मवर ‘हुद्दा’च्या जागी ‘सध्या काय करता आणि मधल्या काळात काय केलंत’ असं विचारा, आणि मोकळी जागा जास्त ठेवा. मेळाव्यात एक तास स्टेजशिवाय ठेवा, खुर्च्या गोल करून. आणि हे कॉलेज करेल तेव्हा करेल. तुमच्या बॅचच्या ग्रुपवर जो सहा महिन्यांत एक अक्षर बोललेला नाही, त्याला आज वेगळा मेसेज करा. फक्त ‘सध्या काय?’ तेवढं विचारू नका.

आमच्या कॉलेजात मी हे सुचवलं. ‘‘फॉर्मवर जागा नाही,’’ असं उत्तर मिळालं. निघताना काका मात्र मला म्हणाले होते, ‘‘त्या मुलाला माझा नंबर पाठव.’’ मी आधी काकांना विचारून घेतलं, मग दादाला पाठवला. खाली लिहिलं, ‘हे काका 75 ते 79 बेकार होते, वेळ मिळाला तर फोन कर.’ मेसेज त्याने वाचलाय. फोन केला की नाही, ते मी विचारलेलं नाही.