राखीव खेळाडूंची शिल्लक

ताळेबंदात राखीव निधी निरुद्योगी दिसतो. त्याची किंमत अडचणीच्या दिवशी कळते, हे मी बँकेत असताना शिकलो. अमेरिकी बेसबॉलमधले ‘मायनर लीग’ संघ, म्हणजे मोठ्या संघांची दुय्यम पथके, हा असाच निधी.

‘थर्ड बेस’ची जागा घ्या. तिथे चेंडू अंगावरच येतो. अडवून तो सुमारे १२७ फूट दूर ‘फर्स्ट बेस’कडे फेकायचा. असा गडी एका रात्रीत तयार होत नाही. बोस्टन रेड सॉक्सने १९७६ मध्ये सातव्या फेरीत निवडलेला वेड बॉग्ज सहा हंगाम खालीच राहिला. वर १९८१ चा अव्वल फलंदाज कार्नी लॅन्सफर्ड होता. १९८२ मध्ये लॅन्सफर्ड जायबंदी झाला आणि बॉग्जला जागा मिळाली. पुढे त्याच्या नावावर ३०१० हिट्स लागले.

२०२१ मध्ये मात्र संलग्न दुय्यम संघ १६० वरून १२० वर आणले गेले. सातव्या फेरीतला बॉग्ज आजही निवडला जाईल. पण सहा वर्षे सांभाळला जाईल का? वाचलेला खर्च वहीत दिसतो. न घडलेल्या खेळाडूची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.