नावाचा भाव, वॉर्डातला अनुभव

वैद्यकीय महाविद्यालयाचा नावलौकिक मोजण्याचे महाराष्ट्रातील सर्वमान्य माप म्हणजे ‘कटऑफ’, अर्थात त्या महाविद्यालयात सर्वांत शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचा ‘नीट’ परीक्षेतील क्रमांक. २०२५ मध्ये ही परीक्षा देशभरात बावीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. त्यानंतर राज्याच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ‘कॅप’मध्ये, पसंतीक्रम भरण्याची वेळ आली की मुंबईचे जीएस आणि जेजे, पुण्याचे बीजे, मग सायन, नायर, नागपूरचे मेडिकल ही यादी पालक आणि क्लासचालक थोड्याफार फरकाने तोंडपाठ म्हणतात. कटऑफ वरचा म्हणून नाव मोठे आणि नाव मोठे म्हणून पुढच्या वर्षीही कटऑफ वरचाच, असे हे स्वतःभोवती फिरणारे चक्र आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरची वर्षभराची सक्तीची इंटर्नशिप या काळात विद्यार्थ्याचे नेमके काय होते, या प्रश्नाला त्या चक्रात कोठेही जागा नाही. कटऑफ सांगतो तो आत कोण आले ते; आत आलेल्याला संस्थेने काय दिले, याबद्दल तो मुका असतो.

यावरून हा नावलौकिक पोकळ आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. ग्रँट मेडिकल कॉलेज, म्हणजेच जेजे, १८४५ मध्ये सुरू झाले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या संस्था देशात मोजक्याच होत्या. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात १८४२ मध्ये स्थापन झालेली वैद्यकीय शाळा त्यांपैकीच एक, आणि आजचे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय तिचाच वारसा सांगते. १९२६ चे सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच जीएस, तर एका अटीतून आकाराला आले. सरकारी नोकरीत नसलेल्या पात्र भारतीयांनीच तेथे शिकवावे, असा देणगीदारांचा आग्रह होता आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वैद्यकीय सेवेची मक्तेदारी असलेल्या त्या काळात हा आग्रह म्हणजे उघड राजकीय विधान होते. अशा संस्थांचे नाव जाहिरातीने झालेले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अध्यापकांनी आणि, जे सहसा सांगितले जात नाही, लाखो रुग्णांनी घडवले आहे. जीएसशी जोडलेल्या केईएम रुग्णालयात सुमारे १,८०० खाटा आहेत आणि बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे ओपीडीत, वर्षाकाठी अठरा लाखांच्या आसपास नोंदणी होते. इतक्या प्रकारचे आजार एका छपराखाली पाहण्याची संधी जगातील फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळते. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांची खरी श्रीमंती हीच आहे. (या श्रीमंतीला वैद्यकीय वर्तुळात ‘क्लिनिकल मटेरियल’ म्हणतात, सकाळी पाचपासून केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांना कच्चा माल समजणारा हा शब्द एव्हाना कोणालाच खटकत नाही.)

तथापि ज्या गर्दीमुळे नाव झाले, तीच गर्दी शिकण्याच्या आड येऊ लागली आहे. वैद्यकीय शिक्षणाचा गाभा म्हणजे ‘बेडसाइड क्लिनिक’. त्यात एक अध्यापक आणि विद्यार्थ्यांचा छोटा गट रुग्णाच्या खाटेभोवती उभा राहतो, एक जण रुग्णाची हकिगत विचारून, पोट चाचपून, छातीचे ठोके ऐकून निदान मांडतो आणि अध्यापक ते निदान सर्वांसमोर उलटसुलट तपासतो. आठ-दहा जणांच्या गटात ही पद्धत विलक्षण परिणामकारक ठरते. तीस-चाळीस जणांच्या घोळक्यात मात्र पहिल्या रांगेतल्यांना रुग्ण दिसतो, मागच्यांना पुढच्यांचे ॲप्रन दिसतात. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी २०१९ मध्ये जागा वाढवण्यात आल्या, तेव्हा जीएसची प्रवेशक्षमता १८० वरून २५० झाली आणि राज्यातील अन्य मोठ्या शासकीय महाविद्यालयांतही अशीच वाढ झाली. आरक्षणाचा हेतू योग्य होता आणि डॉक्टरांची गरजही खरी होती. पण व्याख्यानगृहे, वसतिगृहांच्या खोल्या, शवविच्छेदनाची टेबले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अध्यापक त्याच प्रमाणात वाढले की नाही, हे पाहण्याची घाई कोणालाही नव्हती.

या ताणाचा सर्वाधिक भार ज्यांच्यावर पडतो ते निवासी डॉक्टर, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता रुग्णालय चालवणारे विद्यार्थी. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात सर्वाधिक शिकवतो तो प्राध्यापक नसून युनिटमधला निवासी डॉक्टरच असतो, ही गोष्ट प्रत्येक वॉर्डात ठाऊक असते आणि एकाही माहितीपत्रकात छापलेली नसते. त्याच्या कामाच्या तासांचा इतिहास मोठा बोलका आहे. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्युटी १२ तासांच्या वर जाऊ नये आणि आठवड्याचे काम साधारणतः ४८ तासांचे असावे, असे म्हटले होते. देशातील वैद्यकीय शिक्षणाचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये सुधारणा म्हणून शिफारस केली ती आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा, आठवड्यातून एक सुट्टी आणि सात-आठ तासांच्या झोपेची. बत्तीस वर्षांत आदर्शच २६ तासांनी लांबला आणि तरीही तो दिलासा वाटावा, इतके वास्तव त्याच्याही पुढे गेलेले आहे. त्याच कृतिदलाच्या ऑनलाइन पाहणीत आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सुमारे १६ टक्के पदवीपूर्व आणि ३१ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नोंदवले. स्वेच्छेने उत्तर देणाऱ्यांच्या पाहणीतील टक्केवारी सावधपणेच वाचायला हवी, पण ती निम्मी धरली तरी हलकी होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये राज्यातील निवासी डॉक्टरांची संघटना ‘मार्ड’ संपावर गेली, तेव्हा तिच्या मागण्यांत वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे होती आणि वसतिगृहांची दुरुस्तीही होती. नामांकित रुग्णालये चालवणाऱ्या डॉक्टरांना राहण्याच्या खोलीसाठी संप करावा लागतो, ही गोष्ट कोणत्याही क्रमवारीत उमटलेली नाही.

ती उमटणारही नाही, कारण क्रमवारी काय मोजते ते आधीच ठरलेले आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्था क्रमवारी आराखड्यात, म्हणजे ‘एनआयआरएफ’मध्ये, २०१८ पासून वैद्यकीय महाविद्यालयांचा स्वतंत्र गट आहे आणि दिल्लीचे ‘एम्स’ तेव्हापासून सतत पहिले आहे. त्यातील ३० टक्के गुण अध्यापनाच्या साधनसामग्रीला, ३० टक्के संशोधनाला, २० टक्के पदवीच्या निष्पत्तीला, १० टक्के समावेशकतेला आणि उरलेले १० टक्के ‘परसेप्शन’ म्हणजे लोकमताला असतात. हे लोकमत अध्यापकांचे आणि नोकरी देणाऱ्यांचे. विद्यार्थ्यांना त्यात कोणी विचारत नाही. शिवाय या क्रमवारीत भाग घेणे ऐच्छिक आहे आणि बहुतेक माहिती संस्थाच पुरवतात. आकडे गोळा करून भरणारा स्वतंत्र कक्ष बाळगू शकणारी अभिमत विद्यापीठे त्यामुळे ठळकपणे दिसतात, तर औषधांची खरेदीच वेळेवर होत नसलेल्या सरकारी महाविद्यालयाकडून शोधनिबंधांचे तक्ते वेळेवर जाण्याची शक्यता मुळातच कमी असते. नियामकाच्या निरीक्षणाची कथा याहून खेदजनक आहे. निरीक्षणाच्या दिवसापुरते अध्यापक आणि रुग्ण ‘हजर’ करण्याचे प्रकार वर्षानुवर्षे कुजबुजीचा विषय होते. २०२५ मध्ये सीबीआयने वैद्यकीय महाविद्यालयांच्या निरीक्षणातील लाचखोरीबद्दल गुन्हा नोंदवला, तेव्हा ती कुजबुज कागदावर आली. अशा महाविद्यालयांत रोज बसणाऱ्या विद्यार्थ्यांना कोणता अध्यापक खरा आणि कोणता पाहुणा, हे पहिल्या सत्रातच कळलेले असते. निरीक्षक त्यांना विचारत नाहीत, एवढेच.

अर्थात विद्यार्थ्यांचा अनुभव म्हणजे निर्मळ सत्य, असेही मानता येणार नाही. एमबीबीएसनंतरच्या विशेषज्ञतेसाठी ‘नीट-पीजी’ ही बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते आणि तिच्या धाकाने तिसऱ्या वर्षापासूनच अनेकांचे लक्ष वॉर्डातून उठून कोचिंगच्या ॲपवर स्थिरावते. इंटर्नशिप तर हात तयार करण्याचे वर्ष. टाके घालणे, प्रसूती करणे, बेशुद्ध रुग्ण सांभाळणे हे शिकण्याचा तो काळ. पण एकीकडे रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणारा हरकाम्या म्हणून इंटर्नला राबवले जाते आणि दुसरीकडे इंटर्न स्वतःच ड्युटी टाळून अभ्यासिका गाठतो. ‘आमच्याकडे काही शिकवत नाहीत’ ही तक्रार आणि ‘पोरे वॉर्डात येतच नाहीत’ ही प्राध्यापकांची तक्रार या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असतात. २०१९ पासूनच्या सक्षमताधारित अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने कोणते कौशल्य प्रत्यक्ष करून दाखवले याची ‘लॉगबुक’मध्ये नोंद ठेवायची असते. पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत भरून घेतलेल्या लॉगबुकचे वजन किती, हे सह्या करणाऱ्यांनाही माहीत असते.

वर्ध्याजवळील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत नवे विद्यार्थी पहिले काही दिवस आश्रमात राहतात, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तेथील कुटुंबांच्या आरोग्याची जबाबदारी विद्यार्थ्यांत वाटली जाते. ‘नीट’ येण्यापूर्वी तिच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत गांधीविचारांवरची प्रश्नपत्रिका असे. ती पद्धत कोणाला भाबडी वाटेल, पण तिच्यामुळे एक गोष्ट साधत होती: पुढची साडेपाच वर्षे कशी जाणार आहेत, याचा विचार अर्ज भरणाऱ्याला आधीच करावा लागे. संस्थेचे नाव आणि तेथले जगणे यांची गाठ प्रवेशाच्या दारातच पडत असे. आता तेथेही क्रमांक पाहूनच विद्यार्थी येतो. एकाच गुणवत्ता यादीने प्रवेशातील गैरप्रकारांना मोठा आळा बसला हे मान्य करावे लागेल, मात्र संस्थासंस्थांतला फरक जाणून घेण्याची गरजही तिने संपवली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना, भंडारा आदी ठिकाणच्या दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन एकाच दिवशी झाले, तेव्हा हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. या महाविद्यालयांना नावच नाही. कटऑफच्या माळेत ती शेवटी ओवली जातात. लहान तुकडी आणि जिल्हा रुग्णालयातला थेट रुग्ण यांमुळे एखाद्या ठिकाणी विद्यार्थ्याचा हात मुंबईतल्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर तयार होत असेल. दुसऱ्या ठिकाणी शरीररचनाशास्त्राचा अध्यापकच प्रतिनियुक्तीवर येऊन-जाऊन असेल. अठरा वर्षांच्या मुलीला यांतले कोणते महाविद्यालय कोणत्या प्रकारचे, हे कळण्याचा अधिकृत मार्ग आज उपलब्ध नाही. तिने विचारावे तर ओळखीच्या ‘सीनियर’ला, आणि ओळखीचा सीनियर असतो तो डॉक्टरांच्या घरातल्या मुलांना. पहिल्यांदाच वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्या घरातला विद्यार्थी माहितीच्या बाबतीतही कोरडाच राहतो.

संस्था स्वतःबद्दल जे सांगते ते प्रत्यक्ष जाऊन पडताळावे, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अब्राहम फ्लेक्सनर या डॉक्टर नसलेल्या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांना भेटी देऊन १९१० मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात माहितीपत्रकातल्या प्रयोगशाळा जागेवर आढळल्या नाहीत, अशा नोंदी ठायी ठायी आहेत. त्या अहवालानंतर कित्येक शाळा बंद पडल्या, आणि कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच शाळा बुडाल्या ही त्याची काळी बाजूही विसरता येत नाही. पण फ्लेक्सनरनेही इमारती, निधी आणि साधने पाहिली. विद्यार्थ्यांचा अनुभव मोजण्याची पद्धत नंतरची. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना १९७८ पासून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना सविस्तर प्रश्नावली देते. ब्रिटनची नियामक संस्था, जनरल मेडिकल कौन्सिल, दरवर्षी प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना कामाचा बोजा, देखरेख, शिकवणे आणि वागणूक यांविषयी विचारते आणि उत्तरे रुग्णालयनिहाय, विषयनिहाय सर्वांना पाहता येतील अशी प्रसिद्ध करते. उत्तरे देणारे अगदी थोडे असतील तर ओळख पटू नये म्हणून तो आकडा झाकला जातो. एखाद्या ठिकाणची परिस्थिती फारच बिघडली तर प्रशिक्षणार्थींना तेथून काढून घेण्याचा अधिकारही या संस्थेला आहे.

महाराष्ट्राला अशा पाहणीसाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. अभिमत विद्यापीठे वगळता राज्यातील बहुतेक सर्व वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. जीएसच्या आणि हिंगोलीच्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका तीच, पदवीही तीच. प्रत्येक विद्यार्थी दरवर्षी परीक्षेचा अर्ज विद्यापीठाकडे भरतो. त्या अर्जापासून पूर्णपणे वेगळी ठेवलेली, निनावी, निकाल लागल्यानंतरच उघडली जाणारी प्रश्नावली आणि तिची महाविद्यालयनिहाय प्रसिद्धी, एवढेच यासाठी पुरे आहे. कॅपचा पसंतीक्रम भरण्याआधी ती माहिती जाहीर झाली पाहिजे, आणि अभिमत विद्यापीठांना ती बंधनकारक करण्याचे काम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने केले पाहिजे. महाविद्यालये विद्यार्थ्यांवर चांगले शेरे लिहिण्यासाठी दबाव आणतील, हा आक्षेप खरा आहे. विद्यार्थी स्वतःच्या पदवीची किंमत घसरू नये म्हणून गोड लिहितील, हा त्याहून अवघड आक्षेप आहे. दोन्हींवर अंशतः उतारा असा की मते विचारूच नयेत, घडलेल्या गोष्टी विचाराव्यात. ‘महाविद्यालय कसे वाटले’ या प्रश्नाला पाच तारे देता येतात. मागच्या महिन्यात रुग्णाच्या खाटेशी उभे राहून अध्यापकाने किती वेळा शिकवले, खोलीत किती जण राहतात, इंटर्नशिपमध्ये स्वतःच्या हाताने किती प्रसूती केल्या, विद्यावेतन कोणत्या तारखेला जमा झाले आणि शेवटची सलग आठ तासांची झोप कोणत्या दिवशी लागली, या प्रश्नांना आकड्यात आणि तारखेतच उत्तर द्यावे लागते.