बारा बोटांचं आतडं आणि जेवणावरचा चहा

मैत्रिणींनो, पानं वाढली, सगळे जेवून उठले की आपलं काम संपलं असं वाटतं. पण खाल्लेलं अंगी लागणार की नाही, हे ठरतं ते लहान आतड्यात. नाव लहान, पण लांबी सुमारे ६ मीटर. पाचवारी साडीपेक्षा जास्तच! लहान ते फक्त रुंदीला.

जठराला लागून असलेला पहिला भाग म्हणजे ड्युओडेनम. उणापुरा २५ सेंटिमीटर, शेजारी शेजारी ठेवलेल्या बारा बोटांएवढा. म्हणून लॅटिनमधल्या 'बारा'वरून त्याचं नाव पडलं. एवढ्याशा जागेत गर्दी केवढी! जठरातलं आंबट अन्न, यकृताकडचं पित्त, स्वादुपिंडाचा रस, सारं इथंच एकत्र येतं. आणि अन्नातलं लोह मुख्यत्वे इथंच शोषलं जातं.

आता तुमचं काय चुकतं बघा. बाजरीची भाकरी, पालेभाजी असं चांगलंचुंगलं खायचं आणि हात वाळायच्या आत चहाचं आधण ठेवायचं! चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, मग ते रक्तात जायचं कसं? पाळीमुळे आपल्या अंगातलं लोह आधीच कमी होत असतं. तेव्हा चहा तास-दीड तासाने घ्या, आणि भाजीवर लिंबू पिळा. 'क' जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम गिळू नका. दोन वेळा निरनिराळ्या ठेवा.

मधला भाग जेजुनम. पिष्ट, प्रथिनं, साखर यांचं बरंचसं शोषण इथलं. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेजही इथंच जास्त असतं. जोराच्या जुलाबानंतर आतड्याचं अस्तर दुखावतं, म्हणून काही मुलांना थोडे दिवस वरचं दूध पचत नाही. दही बहुधा सोसतं. तान्ह्याला अंगावर पाजणं मात्र थांबवू नका हं, कोणी काही म्हणो.

शेवटचा इलियम. पित्तातले क्षार परत घेणं आणि 'ब-१२' शोषणं, ही त्याची खास कामं. 'ब-१२' भाजीपाल्यात नसतं. शाकाहारी घरांत ते दूध-दह्यातूनच मिळतं. सासूबाईंच्या पायाला मुंग्या येतात, थकवा जात नाही, विसरायला होतं, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. या शेवटच्या भागाचं ऑपरेशन झालं असेल, तर कित्येकदा इंजेक्शनंच घ्यावी लागतात.