गोळी दिवस राहण्याआधी हवी

उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय असो, अंबरनाथचं छाया रुग्णालय असो की बदलापूरचं दुबे रुग्णालय, गरोदर बाई नाव नोंदवायला येते ती बहुधा दोन महिने उलटल्यावर. जीन्सच्या कारखान्यात, एमआयडीसीत किंवा पहाटेच्या लोकलच्या गर्दीत पाळी चुकल्याकडे आठवडाभर लक्षच जात नाही. दवाखान्यात तिला फॉलिक ॲसिडची गोळी मिळते. ती घ्यायलाच हवी; पण बाळाच्या कण्याच्या दृष्टीने तोवर उशीर झालेला असतो.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची सपाट पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि मानेच्या भागात पहिल्यांदा जुळतात. तिथून ही शिवण डोक्याकडे आणि खाली शेपटाकडे मिटत जाते. पट्टीची नळी होते. तिच्यातूनच मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. त्याच सुमारास नळीच्या दोन्ही अंगांना पेशींचे ठोकळे पडू लागतात, साधारण पाच तासांना एक जोडी. एका ठोकळ्याचा खालचा आणि त्याखालच्या ठोकळ्याचा वरचा अर्धा भाग मिळून एक मणका होतो.

नळीचं खालचं तोंड अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होतं. तेव्हा गर्भ ज्वारीच्या दाण्याएवढा असतो आणि पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ते बंद झालं नाही, तर त्यावरची मणक्यांची कमानही उघडी राहते. हाच स्पायना बिफिडा. अशा मुलाचे पाय लुळे पडू शकतात, लघवी-शौचावरचा ताबा जाऊ शकतो. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत हे दिसतं, पण तेव्हा ते टाळता येत नाही.

आधी टाळता येतं. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या खेपेला असा दोष आढळलेल्या स्त्रियांनी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तेव्हा धोका ७२ टक्क्यांनी घटला. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम सुचवते. मूल हवं असं ठरल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत.

उल्हासनगरच्या सिंधी समाजात लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी करा, असं शिबिरांतून सांगितलं जातं. तिथेच या गोळीचंही सांगा. तिन्ही शहरांच्या पालिकांनी विवाहनोंदणीच्या खिडकीवर गोळ्यांची पाकिटं ठेवावीत. आशाताईंनी नव्या सुनेला पहिल्याच भेटीत ती द्यावीत. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर डोस डॉक्टरांनाच विचारा. आणि मुलाचा विचार करत असाल, तर गोळी आजपासूनच सुरू करा.