फोनवरचा लॅप टाइम कितपत खरा?

परवा द्रोणागिरीत चहाच्या टपरीवर मित्राने फोन पुढे केला. "बघ, माझा लॅप टाइम!" सेक्टरच्या रिकाम्या रस्त्यांवर रात्री पळवलेली घरची सेडान, आणि ॲपमध्ये शतांश सेकंदापर्यंतचा आकडा. मी म्हटलं, हा आकडा तू मनावर घेऊ नकोस.

कारण सोपं आहे. बहुतेक फोन जीपीएसवरून आपली जागा सेकंदाला एकदाच नोंदवतात. ताशी 100 किमी वेगात गाडी तेवढ्यात जवळपास 28 मीटर पुढे जाते. मधलं सगळं ॲप अंदाजाने भरतं. 10 हर्ट्झचा वेगळा रिसीव्हर लावला, तर हे अंतर 2.8 मीटरवर येतं. खऱ्या रेसमध्ये गाडीला ट्रान्सपाँडर असतो. तो ट्रॅकखाली पुरलेल्या तारेवरून गेला की वेळ हजारांश सेकंदापर्यंत मिळते.

अडचण अशी, की चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा इथले नावाजलेले ट्रॅक आपल्यापासून लांब. म्हणून पोरं रस्त्यावर उतरतात. पण इथे वळणापलीकडे कंटेनर उभा असू शकतो, आणि धावपट्टीसारखी मोकळी कडा नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नेहमीच्या विम्यातही शर्यत आणि वेगाची चाचणी सहसा वगळलेली असते. आणि पुरावा? तो तुमच्याच ॲपमध्ये, तारीख-वेळेसकट.

हौस असेल तर पैसे साठवा, वर्षातून एकदा ट्रॅक गाठा. मित्राला हेच सांगितलं. त्याने ॲप काढलं नाही, पण चावी खिशात टाकली.