परदेशीं न्यावयाचें संगीत-यंत्र

‘डीजे’ हा शब्द कानीं पडतांच वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें विसर्जनाच्या मिरवणुकींतील कर्ण्यांच्या भिंती उभ्या राहतात, हें आम्ही जाणून आहों. आणि त्या भिंतींविषयीं आमचें मत त्यांच्याहून निराळें नाहीं. परंतु अमेरिकेस शिकावयास निघालेल्या मुलानें वा मुलीनें तिकडच्या मंडळाच्या गणेशोत्सवांत गाणीं लावण्यासाठीं एक लहानसें यंत्र मागितलें, तर केवळ शब्दाच्या रागानें नकार देणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं. परक्या गांवीं चार माणसें जोडण्यास असल्या विद्येचा उपयोग होतो. पैसा कशावर घालावा, एवढाच काय तो विचार.

मागणी असते ती बहुधा ‘कंट्रोलर’ची. दोन फिरत्या चकत्या, मध्यें आवाजाच्या पट्ट्या; गाणीं मात्र लॅपटॉपमध्यें. तो विकत घेतांना एकच गोष्ट कसून पाहावी : आवाजाच्या वाटा दोन निरनिराळ्या आहेत काय? एक सभेकडे जाणारी, दुसरी वाजविणाराच्या कानाकडे. पुढचें गाणें आधीं आपण ऐकावें, त्याची लय चालू गाण्याशीं जुळवावी, आणि मग तें सभेस ऐकवावें, ही या कलेची सारी मेख आहे. ही सोय नसेल तर तें खेळणेंच समजावें, दुकानदार कांहींही म्हणो. पायोनियरचा ‘डीडीजे-एफएलएक्स ४’ सुमारें २.१ किलो वजनाचा व ४८ सेंटिमीटर लांबीचा असून यूएसबीच्या तारेंतूनच त्यास वीज मिळते. न्यूमार्कचा ‘डीजे टू गो टू टच’ त्याहून पुष्कळच लहान. पण त्याच्या अरुंद पट्ट्यांवर मोठ्या माणसाचीं बोटें अडखळतात. कानाला लावावयाचें यंत्र तारेचेंच असावें. बिनतारी यंत्रांत आवाज किंचित् मागाहून पोंचतो व लय चुकते.

आतां विजेविषयीं. आपल्याकडे, तसेंच इंग्लंड-जर्मनींत २३० व्होल्ट. अमेरिकेंत १२०, जपानांत १००. लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१००–२४०’ असें छापलेलें असल्यास फक्त पिन बदलावी लागते. पुष्कळांची समजूत असते कीं पिन बदलणारा ॲडॅप्टर दाबही बदलतो. तो बदलत नाहीं. म्हणून केवळ २३० वर चालणारे मोठे स्पीकर येथून नेऊंच नयेत. तिकडून आणलेली केवळ १२० ची वस्तु येथें लावली तर ती जळते, हेंही घरच्यांनीं ध्यानांत ठेवावें. स्पीकर सभागृहाचे वापरावे. त्यांस जोडण्याच्या तारा मात्र निरनिराळ्या टोकांच्या, आणि प्रत्येकीच्या दोन, बरोबर असाव्या.

पॉवर बँक विमानांत हातच्या पिशवींतच ठेवावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतची सामान्यतः चालते. त्यापुढें १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० मिलिअँपिअर-तासांची, ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे ७४ वॉट-तास. यंत्र महागाचें असल्यास निघतांना विमानतळावर कस्टमकडून निर्यातीचा दाखला घ्यावा, म्हणजे परततांना त्यावर जकातीचा वाद उरत नाहीं.

राहतां राहिलीं गाणीं. तीं इंटरनेटच्या भरंवशावर ठेवूं नयेत. तळघरांतल्या सभागृहांत तें पोंचेलच असें नाहीं. लॅपटॉपमध्यें एक प्रत व वेगळ्या ड्राइव्हवर दुसरी असावी, आणि आरत्या त्यांत पहिल्या घालाव्या.